घर सोडावे लागले तरी : लहान गटाचे पुढारीपण व त्याची वाढ

अभ्यासासाठी शास्त्रभाग : निर्गम १८:१३–२६, प्रे. कृ. १८:१–४ व १८–२८, रोम. १६:३–५, १ करिंथ. १६:१९, २ तीम. २:२

बंगळूर शहराच्या वायव्येस यशवंतपूर नावाचे उपनगर आहे. तेथे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. जवळच १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे, शेतमालाचा मोठा बाजार आहे आणि थोडे पुढे गेले की पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. शिक्षण, नोकरी आणि व्यापार अशा निरनिराळ्या कारणांनी माणसे येथे येतात व भाड्याचे घर घेऊन राहू लागतात.

मराठी मंडळीत वाढलेले एखादे कुटुंब अशा ठिकाणी येते तेव्हा काय घडते, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. बदलीचे गाव यशवंतपूर असो, सुरत असो वा हैदराबाद असो, प्रसंग बहुधा सारखाच असतो. रविवारी ते कुटुंब जवळच्या इंग्रजी किंवा कन्नड उपासनेस जाऊ लागते व शेवटच्या बाकावर बसते. उपदेश थोडाफार समजतो, पण गीताचे शब्द ओठांवर येत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एखादा रविवार चुकतो. मग लागोपाठ दोन चुकतात. त्यांची गैरहजेरी कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांची हजेरीही कोणाच्या ध्यानात आलेली नसते. कोणतेही भांडण न होता, विश्वासाचा त्याग न करता, एक कुटुंब मंडळीच्या सहभागितेतून हळूहळू निसटून जाते.

कधी याच्या उलटही घडते. बाजारात किंवा शाळेच्या फाटकापाशी दुसरे एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब भेटते. शनिवारी सायंकाळी प्रार्थनेला बोलावणे होते. पेटीच्या तळाशी ठेवलेले ‘उपासना संगीत’ बाहेर निघते. दोन कुटुंबांची चार होतात, चारांची सहा. असा गट सुरू होणे फारसे कठीण नसते, कारण परक्या गावी आपल्या माणसांची ओढ सर्वांनाच असते. खरी परीक्षा पुढे येते. ज्यांच्या घरी गट जमतो त्यांचीच एके दिवशी बदली होते. निरोपाची प्रार्थना होते, सर्वांचे डोळे पाणावतात, आणि पुढच्या शनिवारी कोणीच जमत नाही.

ह्या लेखात आपण एकाच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. पुढाऱ्यास घर सोडावे लागले तरी गट टिकावा व वाढावा, यासाठी त्याने पहिल्या दिवसापासून काय करावे?

१. बदलीवर असलेल्या एका कुटुंबाचा धडा

ह्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात शोधू लागलो की अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्यापाशी येऊन थांबावे लागते. अक्विल्ला मूळचा पंत प्रांतातला. पत्नीसह तो रोम शहरी राहत होता. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा म्हणजे इ. स. ४९ च्या सुमारास, हे दोघे करिंथास आले. तेथे राहुट्या करण्याच्या धंद्यामुळे त्यांची पौलाशी गाठ पडली व तो त्यांच्याच घरी राहिला. पुढे ती दोघे पौलाबरोबर इफिसास गेली व तेथेच राहिली. पौलाने इफिसाहून करिंथकरांस पत्र लिहिले त्या वेळी त्यांच्या घरी मंडळी जमत होती. रोमकरांस पत्र लिहिले त्या वेळी ती दोघे पुन्हा रोमात होती, आणि तेथेही त्यांच्या घरी मंडळी जमत होती. पौलाच्या अखेरच्या पत्रात, २ तीम. ४:१९ येथे, त्यांना पुन्हा सलाम सांगितला आहे. हा सगळा प्रवास मांडून पाहिला म्हणजे हे कुटुंब आपल्या ओळखीचे वाटू लागते. सामान बांधणे, नवे गाव, नवे घर, नवी भाषा हे त्यांना नवीन नव्हते.

त्यांच्या जीवनातील चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, त्यांचे घर गावोगावी उघडे राहिले. घर स्वतःचे आहे की भाड्याचे, मोठे आहे की लहान, याचा शास्त्रात उल्लेख नाही. राहुट्या शिवणाऱ्यांचे घर म्हणजे बहुधा कामाचीही जागा असावी. तेथे कातडे, दोर, सुया पडलेल्या असतील. त्यामधूनच बसायला जागा केली असेल.

दुसरी गोष्ट, ती दोघे मिळून सेवा करीत. शास्त्रात एकाचे नाव दुसऱ्यावाचून येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव आधी येते. ज्या गटात स्त्रियांच्या वाट्यास केवळ चहा करणे येते, त्या गटाने याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट, त्यांनी माणूस ओळखला व घडविला. अपुल्लोस विद्वान होता व शास्त्रात निपुण होता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. सभास्थानात सर्वांदेखत त्यांनी त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याजवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला. पुढे त्याला अखया प्रांतात जाण्याची इच्छा झाली, तेव्हा इफिसातील बंधूंनी त्याला अडविले नाही, उलट तेथील शिष्यांनी त्याचे स्वागत करावे म्हणून पत्र लिहून दिले (प्रे. कृ. १८:२७).

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती दोघे इफिसाहून गेली, पण इफिसातली मंडळी राहिली. पौल मिलेत येथे इफिसाच्या वडिलांना बोलावून घेतो (प्रे. कृ. २०:१७), तेव्हा हे दांपत्य रोमास परतलेले असावे, कारण रोमकरांस पत्र त्याच प्रवासात थोडे आधी लिहिलेले आहे. तरीही इफिसात एक नव्हे, अनेक वडील मंडळीची जबाबदारी वाहत होते.

२. पुढाऱ्याचे मुख्य काम कोणते?

लहान गटाचा पुढारी म्हणजे उत्तम वक्ता, अशी आपली समजूत असते. त्यामुळे ज्याला बोलता येते तो पुढारी होतो, आणि ज्यांना बोलता येत नाही ते वर्षानुवर्षे श्रोते राहतात. मग शनिवारची सभा ही रविवारच्या उपासनेची लहान आवृत्ती होते. तेच गीत, तोच उपदेश, तोच आशीर्वाद. फरक इतकाच की बाकांऐवजी सतरंजी असते.

शास्त्राचा कल निराळा आहे. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसलेला पाहून इथ्रोने त्याला सावध केले की, असे करशील तर तूही थकशील व लोकही थकतील. त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. दहा ही संख्या विचार करण्यासारखी आहे. दहा कुटुंबप्रमुखांची नावे, त्यांच्या मुलांची दुखणी, त्यांच्या घरातील कलह आणि त्यांच्यावरचे कर्ज एका माणसाच्या मनात मावू शकते. शंभरांचे मावत नाही.

मंडळीच्या इतिहासातही ही गोष्ट एकदा अनपेक्षित रीतीने पुढे आली. १७४२ साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज झाले होते. प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी असे ठरले. गरिबांना तेही जड जाईल अशी शंका निघाली, तेव्हा एका सभासदाने सुचविले की, सुमारे बारा जणांचे गट करावे, प्रत्येक गटास एक पुढारी असावा, त्याने दर आठवड्यास घरोघर जाऊन पैसे गोळा करावे, आणि जे कमी पडेल ते स्वतः भरावे. पुढारी घरोघर जाऊ लागले, आणि पैशांबरोबर त्यांना दुसरेही काही दिसू लागले. एका घरी दारू होती, दुसऱ्या घरी नवराबायकोचे वैर होते, तिसऱ्या घरी विश्वास मंदावला होता. वेस्लींच्या ध्यानात आले की, आजवर सभासदांची काळजी घेण्याचा जो मार्ग आपण शोधत होतो तो हाच. पुढे घरोघर जाण्याऐवजी गट एका ठिकाणी जमू लागला, परंतु पुढाऱ्याचे काम तेच राहिले. आपल्या बारा जणांपैकी प्रत्येकाचा आत्मिक समाचार आठवड्यातून एकदा घ्यावयाचा, आणि जे आजारी आहेत किंवा मार्ग सोडून चालले आहेत त्यांच्याविषयी सेवकास कळवावयाचे.

तेव्हा, प्रिय पुढाऱ्या, तुझे पहिले काम शिकविणे नसून ओळखणे हे आहे. गटाची एक साधी वही ठेव. तीत आलेल्यांची नावे व प्रार्थनेच्या विनंत्या तारखेसह लिही. जो आला नाही त्याला दोन दिवसांच्या आत फोन कर, आणि शक्य असेल तर भेट. चौकशीचा सूर ‘का आला नाहीत?’ असा नसावा. ‘सर्व ठीक आहे ना?’ असा असावा. यशवंतपुरात शेवटच्या बाकावरून निसटून गेलेल्या त्या कुटुंबाला एवढे विचारणारा कोणी भेटला असता तर पुष्कळ झाले असते.

३. आपल्या देशातील दोन उदाहरणे

विल्यम टेलर हे अमेरिकन मेथॉडिस्ट सुवार्तिक १८७० साली हिंदुस्थानात आले व १८७१ च्या अखेरीस मुंबईत दाखल झाले. त्यांच्या सभांतून जे प्रभूकडे वळले त्यांना त्यांनी घराघरांतील लहान सहभागिता-गटांत एकत्र केले व प्रत्येक गटावर पुढारी नेमला. १८७२ च्या आरंभी ह्या घरगटांतूनच मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. तिच्यापाशी स्वतःची इमारत नव्हती आणि परदेशी निधीवर ती अवलंबून नव्हती. स्वावलंबन हा टेलर यांचा आग्रह होता. १८४८ पासून मुंबईत राहून साधेपणाने सेवा करणारे जॉर्ज बोवेन हेही त्यांना येऊन मिळाले. पुढे पुणे, कलकत्ता व मद्रास येथे असेच कार्य झाले, आणि १८७४ साली टेलर बंगळुरास गेले व तेथेही मेथॉडिस्ट मंडळीचा आरंभ झाला. ह्या मंडळ्यांतील आरंभीचे सभासद बहुतांशी इंग्रजी बोलणारे होते. तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळक दिसते. टेलर कोठेही फार काळ राहिले नाहीत. ते पुढच्या शहरी जाणार हे ठरलेलेच असे, म्हणून पुढारी घडविण्याचे काम त्यांना लांबणीवर टाकता येत नसे.

दुसरे उदाहरण आपल्या केडगावचे. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनातील स्त्रियांपुढे संजीवनाची गरज मांडली व रोज प्रार्थनेस जमण्यासाठी कोण तयार आहे, असे विचारले. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. त्या नेमाने जमत राहिल्या, आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली. जूनच्या अखेरीस तेथे जे संजीवन झाले ते सर्वश्रुत आहे. संजीवनाच्या वर्णनात आपण बहुधा मोठी संख्या आठवतो. परंतु आरंभीच्या सत्तर जणींनी सहा महिने काय केले, हे गटपुढाऱ्याने अधिक आठवावे. त्यांना कोणी नेमले नव्हते; त्या आपण होऊन आल्या होत्या. त्या रोज आल्या. आणि प्रार्थनेनंतर त्यांच्यापैकी अनेक जणी तुकड्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास बाहेर पडल्या. प्रार्थनेस जमणे व बाहेर पाठविले जाणे ही एकाच कामाची दोन अंगे होती.

कॅथलिक बंधुभगिनींमध्येही १९८० च्या दशकापासून मुंबई महाधर्मप्रांताने शेजारपाजारच्या कुटुंबांचे लहान ख्रिस्ती समूह उभारण्यावर भर दिला. पंथ कोणताही असो, गरज एकच आहे.

४. सभा कशी चालवावी?

वेळ. दीड तास पुरे. ठरल्या वेळी आरंभ करावा व ठरल्या वेळी समाप्त करावे. ज्यांना दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीस जायचे आहे त्यांना उशिरा सोडणे ही आत्मिकता नव्हे.

अभ्यास. पुढाऱ्याने व्याख्यान देऊ नये, प्रश्न विचारावे. तीन प्रकारचे प्रश्न पुरतात : ह्या भागात काय घडले? त्याचा अर्थ काय? ह्या आठवड्यात आपण काय करावे? उदाहरणार्थ, मार्क २:१–१२ हा भाग घ्या. ‘येशूला पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे ना?’ असे विचारले तर सर्व जण ‘होय’ म्हणतील आणि चर्चा संपेल. त्याऐवजी असे विचारावे : गर्दी पाहून ते चौघे परत का फिरले नाहीत? छप्पर उसकटले ते घर कोणाचे तरी होते. त्या घरधन्याला काय वाटले असेल? आज आपल्या गटाच्या दाराशी गर्दीमुळे कोण अडकून राहिला आहे? असे प्रश्न विचारले की ज्याने कधी तोंड उघडले नाही तोही बोलू लागतो.

बोलके व अबोल. प्रत्येक गटात एक जण सर्व प्रश्नांची उत्तरे देतो. त्याला सभेत गप्प करू नये. एकांतात त्याची मदत मागावी, की इतरांना बोलते करण्यास मला हातभार लावा. सासूदेखत सून बोलत नाही, वडिलांदेखत मुलगा बोलत नाही. म्हणून प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी व पुरुषांनी दोन-दोन, तीन-तीन जण मिळून निराळे बसावे. तेथे मनातली गोष्ट बाहेर येते.

गुप्तता. गटात कळलेले दुःख गटातच राहावे. प्रार्थनेचे निमित्त करून दुसऱ्याच्या घरची गोष्ट तिसऱ्यास सांगितली जाते, तेव्हा विश्वास तुटतो, आणि तो पुन्हा जोडण्यास वर्षे लागतात.

चहापान. ही बाब क्षुल्लक वाटते, पण हिच्यामुळे गट मोडलेले आहेत. पहिल्या घरी चहा-बिस्किटे होतात, दुसऱ्या घरी वडे, तिसऱ्या घरी बिर्याणी. चौथे कुटुंब ‘आमचे घर लहान आहे’ असे सांगून आपली पाळी टाळते. खरे कारण घराचा आकार हे नसते. सर्व घरी केवळ चहा, असा नियम पहिल्याच दिवशी करावा व सर्वांत सधन कुटुंबाने तो सर्वांत आधी पाळावा.

पैसा. गटात उसनवारी करू नये. एखाद्या अडचणीतील कुटुंबासाठी वर्गणी काढली तर दोघांनी मिळून मोजावी व त्याच दिवशी लिहून ठेवावी. दशमांश व दान आपल्या मंडळीस द्यावे.

शेजारी. घरमालकास आधी कळवावे. दार उघडे ठेवावे, आवाज मर्यादित ठेवावा, जिन्यात चपलांचा ढीग व रस्त्यात स्कूटर आडवी असू नये. बंद दारामागे काय चालले आहे अशी शंका शेजाऱ्यांच्या मनात येऊ देऊ नये. घरात आजारपण असेल तर त्यांचीही विचारपूस करावी. लपवून ठेवण्यासारखे आपल्यापाशी काही नाही.

स्थानिक मंडळी. हा मुद्दा परगावी विशेष महत्त्वाचा आहे. गट हा मंडळीचा पर्याय नव्हे. ज्या उपनगरात आपण राहतो तेथील पाळकांना भेटून गटाची माहिती द्यावी, रविवारी उपासनेस जावे, संस्कार तेथेच घ्यावे. दक्षिण भारताची मंडळी १९४७ साली व उत्तर भारताची मंडळी १९७० साली स्थापन झाली; ह्या दोहोंमध्ये परस्परसहभागिता आहे. त्यामुळे नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या सभासदाने बंगळुरात स्वतःला उपरा समजण्याचे कारण नाही. इतर पंथांच्या वाचकांनीही आपल्या पंथाच्या स्थानिक मंडळीशी असाच संबंध जोडावा.

भाषा. मराठीत गाण्याचा व प्रार्थना करण्याचा आनंद मोठा आहे. तो सोडू नये. पण दोन धोके ओळखावेत. आपली मुले शाळेत इंग्रजी व कन्नड बोलतात. गटातले सर्व काही केवळ आईवडिलांच्या आठवणींसाठी असेल तर ती कोपऱ्यात बसून राहतील. एखादे गीत व एखादे वाचन त्यांच्याकडे सोपवावे. दुसरे असे की, एखाद्या दिवशी कन्नड शेजारीण दाराशी येईल. त्या दिवशी चर्चा तिला समजेल अशा भाषेत करावी. ज्याच्या हाती ज्या भाषेचे बायबल असेल त्याने त्या भाषेत वाचावे. बेळगाव-निपाणीकडचे एखादे कुटुंब गटात असेल तर दोन्ही भाषा जाणणारी ती माणसे देवाचे दानच समजावीत. मराठीच्या नावाने जमलेला गट केवळ मराठी माणसांचे स्नेहमंडळ होऊन राहिला, तर त्याची वाढ खुंटली असे जाणावे.

५. वाढ कशी होते?

केळीच्या बुंध्याशी कोंब फुटतात. कोंब वेळीच काढून दुसरीकडे लावला तर नवी केळ उभी राहते. माया वाटून सर्व कोंब तेथेच राहू दिले तर गर्दी होते व कोणासच चांगला घड येत नाही. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. गटाची वाढ ह्याच रीतीने होते, आणि येथेच पुढाऱ्याचे मन कच खाते.

पौल तीमथ्याला लिहितो त्या वचनात (२ तीम. २:२) चार पिढ्या आहेत : स्वतः पौल, तीमथ्य, तीमथ्याने निवडावयाची विश्वासू माणसे, आणि त्या माणसांकडून शिकणारे इतर. आपण शिकविलेले दुसऱ्या पिढीत थांबले आहे की तिसऱ्या-चौथ्या पिढीत पोहोचले आहे, हे प्रत्येक पुढाऱ्याने तपासावे. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

पहिल्या महिन्यातच साहाय्यक निवडा. उत्तम बोलणाराच निवडावा असे नाही. गैरहजर माणसाविषयी आपण होऊन कोण विचारतो, सभा संपल्यावर सतरंजी कोण उचलतो, दिलेला शब्द कोण पाळतो, हे पाहा. ती व्यक्ती स्त्री असू शकते, तरुण असू शकते, तुमच्याहून कमी शिकलेलीही असू शकते.

काम टप्प्याटप्प्याने सोपवा. आरंभी साहाय्यकाने तुमची तयारी पाहावी. मग गीते व प्रार्थना त्याने चालवाव्या. पुढे अभ्यास त्याने चालवावा व तुम्ही इतरांमध्ये बसून ऐकावे. चूक झाली तर प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांची रीत आठवा आणि जे सांगायचे ते घरी, एकांतात सांगा. शेवटी महिन्यातून एकदा तुम्ही मुद्दाम गैरहजर राहा. तुमच्यावाचून गट जमतो की नाही, हे बदलीचा हुकूम येण्याआधी कळलेले बरे.

जागाही फिरती ठेवा. गट एकाच घरी जमत राहिला तर लोक त्या घराच्या नावानेच त्याला ओळखू लागतात, आणि ते घर रिकामे झाले की गटाचे नावच पुसले जाते. खोली लहान असली तरी प्रत्येक कुटुंबाची पाळी यावी.

बारा-पंधरा माणसे नेमाने येऊ लागली की नव्या घराची तयारी करा. ह्याला ‘विभागणी’ म्हणू नये; त्या शब्दाबरोबर आपल्याकडे भाऊबंदकी आठवते. ‘नवे घर उघडणे’ म्हणावे. नव्या घरासाठी पुढारी, साहाय्यक व यजमान कुटुंब एवढे निश्चित झाले म्हणजे आणखी दोन-तीन कुटुंबांनी त्यांच्याबरोबर जावे. गटाने त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करावी. तीन महिन्यांतून एकदा दोन्ही घरांनी एकत्र जमावे.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो हलका मानू नये. ‘इतक्या दिवसांनी परक्या गावी जिवाभावाची माणसे मिळाली, आता पुन्हा दूर व्हायचे का?’ हे दुःख खरे आहे. पौल मिलेतास इफिसाच्या वडिलांचा निरोप घेताना सर्व जण रडले, असे शास्त्रात लिहिले आहे. निरोप घेताना रडू येणे हे दुर्बळपणाचे लक्षण नाही. पण आपल्याला जे मिळाले ते यशवंतपुराच्या स्थानकावर उद्या उतरणाऱ्या कुटुंबालाही मिळावे, अशी इच्छा असेल, तर त्याच्यासाठी खोलीत जागा पाहिजे. भरलेल्या खोलीत नवा माणूस दाराशीच उभा राहतो.

६. घरच्या मंडळीचे कर्तव्य

हा लेख मिरज, सोलापूर, जालना, अहिल्यानगर अशा ठिकाणच्या मंडळ्यांतही वाचला जाईल. त्यांच्यासाठी एक विनंती आहे. तुमच्यातील मुलगा, मुलगी किंवा कुटुंब परगावी निघते तेव्हा निरोपसमारंभ होतो, भेटवस्तू दिली जाते, आणि मग आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. इफिसातील बंधूंनी अपुल्लोसाच्या हाती पत्र दिले होते. पाळकांनी व वडिलांनी जाणाऱ्याच्या हाती सभासदत्वाचा दाखला द्यावा, जेथे तो जात आहे तेथील मंडळीच्या पाळकास पत्र लिहावे, आणि त्या शहरी आधीपासून राहणाऱ्या आपल्या एखाद्या सभासदाचा ठावठिकाणा त्याला द्यावा. महिन्याभराने एक फोन करून, तू उपासनेला कोठे जातोस, असे विचारावे. पुष्कळ तरुण ह्या एका महिन्यातच हरवतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी किती शहरे बदलली? प्रत्येक शहरी त्यांच्या घराविषयी शास्त्र काय सांगते?

२. आपल्या गटातील कोण गेल्या महिन्यात दोनदा गैरहजर होते? त्यांना कोण भेटले?

३. आपला पुढारी उद्या बदलून गेला तर पुढची सभा कोणाच्या घरी होईल व ती कोण चालवील?

४. आपल्या गटात अशी कोणती रीत आहे की जिच्यामुळे गरीब कुटुंबास, मुलांना किंवा परभाषिकास संकोच वाटतो?

५. नव्या घरासाठी देव आपल्यापैकी कोणास पुढे आणीत आहे? त्यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करा.

प्रिय वाचक, तू ज्या घरी आज राहतोस ते कदाचित दोन वर्षांनी तुझे नसेल. कुलूप लावून किल्ली घरमालकाच्या हाती द्यावी लागेल. त्या दिवसापर्यंत गटाची वही कोणाच्या हाती द्यायची, हे ठरलेले असू दे. साहाय्यकाचे नाव मनात असेल तर ह्याच आठवड्यात त्याच्याशी बोल, आणि पुढच्या शनिवारचे एक गीत व एक प्रार्थना त्याच्याकडे सोपव. गावोगावी आपले घर उघडणाऱ्यांना ज्या प्रभूने चालविले, तो तुलाही ह्या सेवेत चालवो.